जमीन वाजवणाऱ्या मावशी

एका चर्चासत्रात मी वाचलेल्या टिपणावर एका समाजशास्त्रज्ञ मित्राने प्रश्न विचारला: ज्या व्यक्तीची आयुष्यातली सर्वांत मोठी चूक भर गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडी पडली, तिच्याकडेच त्यानंतर गावाने पूर्वीपेक्षा अधिक भरवशाने का जावे? चहाच्या वेळी काहीबाही बोलून वेळ मारून नेली, इतकेच. माझ्यापाशी आहे ती हकिकत. आणि ती जिथे घडली त्या जमिनीची ओळख करून दिल्याशिवाय ती सांगता येणार नाही.

मोठ्या डोंगररांगेच्या पायथ्याशी चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांची एक पट्टी आहे. दुरून या टेकड्या मवाळ दिसतात. माथे गोलसर, उतार सौम्य, कुठे कडा नाही की सुळका नाही. जवळ गेल्यावर मात्र पांढुरका खडक उघडा पडलेला दिसतो आणि त्याच्या अंगावर बोटभर खोल चऱ्या, कुणी ओल्या पिठावर फणी फिरवावी तशा. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते आणि हा दगड युगानुयुगे चाटत राहते. जे विरघळते ते वाहून जाते. जे विरघळत नाही ते तांबड्या चिकणमातीच्या रूपाने मागे उरते आणि फटींत, भेगांत, परातीसारख्या खळग्यांत साठते. शेते असतात ती या खळग्यांत. बाकी सारा दगड.

दऱ्या आहेत, पण त्यांत ओढे नाहीत, ही या प्रदेशाची खरी खूण. पाणी पडते आणि नाहीसे होते. ते पुन्हा दिसते ते पार खाली, जिथे चुनखडी संपते आणि पाण्याला वाट न देणारा काळा पाटीचा दगड लागतो, तिथल्या झऱ्यांवर. मधल्या प्रवासात ते कुठून कसे जाते हे कोणी पाहिलेले नाही.

या टेकड्यांच्या कुशीतल्या गावाला त्या काळी गटारे नव्हती. परगावचा पाहुणा पहिल्या दिवशी हेच विचारी, आणि गावकरी अभिमानाने सांगत, ‘‘आमची जमीन पाणी पिते.’’ प्रत्येक घराच्या अंगणात खडकाला एक नैसर्गिक भेग असे; तिच्यावर भोकाभोकांची दगडी झाकणी. तिला ‘घसा’ म्हणत. छपराचे, मोरीचे, कपडे धुतल्याचे सगळे पाणी घशात जाई. घरात चमचा सापडेना, कुलपाची किल्ली सापडेना, की पहिले वाक्य ठरलेले: ‘‘घशात गेलं असेल.’’ एका म्हातारबुवांची कवळीही घशात गेली होती आणि घशाला दात आले म्हणून गाव बरेच दिवस हसत होते.

अशा जमिनीवर घर बांधायचे तर आधी पोकळी कुठे आहे ते कळायला हवे. ते सांगण्याचे काम मावशींचे.

त्या सगळ्या गावाच्या मावशी होत्या. मूळच्या मात्र त्या केवळ धाकट्या बहिणीच्या मुलांच्या. मुलांनी हाक मारायला सुरुवात केली, शेजाऱ्यांनी उचलली, आणि पुढे नगरपालिकेचे बिगारीही ‘मावशींना बोलवा’ म्हणू लागले. वडील दगडखाणीत सुरुंग लावत. पोकळ जागी सुरुंग भरला तर दारू वाया जाते, किंवा दगड भलतीकडे उडतो. म्हणून पहार आपटून खडकाचा आवाज ऐकायचा आणि मग भोक पाडायचे, ही खाणीतली रीत. वडिलांचा जेवणाचा डबा पोचवता पोचवता मुलगी ती शिकली. वडिलांनी खाणीसाठी वापरलेली विद्या तिने घरांसाठी वापरली, एवढाच काय तो तिच्या पिढीचा फरक.

कामाची पद्धत सोपी होती. जागेवरची माती खरवडून खडक उघडा करायचा, पायांतल्या चपला काढायच्या, आणि हातभर अंतराने पहार सरळ खाली सोडायची. आवाज कानाने ऐकायचा, थरथर टाचेने. निकाल दोनच: ‘भरीव’ किंवा ‘रिकामं’. दोन खडकांच्या मध्ये घट्ट बसलेली तांबडी माती असेल तर तिला ‘आवळलेली’ म्हणायचे, आणि आवळलेली माती दगडाबरोबरीची धरायची. हेही खाणीतलेच शास्त्र.

मावशींच्या अंगी आणखी काय नसेल ते नसो, विनय नव्हता. ‘‘माझ्या शब्दावर अर्धं गाव झोपतं,’’ असे त्या म्हणत, आणि उरलेले अर्धे का झोपत नाही असे कुणी खवचटपणे विचारले तर म्हणत, ‘‘ते त्यांनी आपल्या आजोबांना विचारावं. त्यांची घरं माझ्या आधीची.’’ यजमान खाणीचा ट्रक चालवत. सुरुंगांनी त्यांचे कान अधू झाले होते. ‘‘आमच्या घरात ऐकायचं खातं माझ्याकडे,’’ मावशी सांगत. यजमान हसत, त्यांना काय ऐकू आले ते कळत नसे.

१९८६ साली धाकट्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने बेकरी काढायचे ठरवले. नवरा दुसऱ्याच्या भट्टीवर पाव भाजून कंटाळला होता. गल्लीच्या वरच्या टोकाला जागा मिळाली. पुढे दुकान, मागे भट्टी, माडीवर बिऱ्हाड. दोघांजवळ होते नव्हते ते सगळे त्या एका जागेत जाणार होते.

मावशींनी जागा वाजवली. खडक भरीव होता. एका कोपऱ्यात मात्र तो खाली उतरला होता आणि तिथे तांबडी माती आवळून बसली होती. त्यांनी तिच्यावर टाच आपटली, पहार आपटली, आणि ‘बांधा’ म्हणून सांगितले.

अडचण निघाली ती घशाची. घसा अंगणाच्या बरोबर मधोमध, उघड्या खडकात होता, आणि भट्टीला तीच जागा हवी होती.

‘‘भट्टी थोडी सरकवली तर?’’ धाकटीने विचारले.

‘‘सरकवली तर पावाची लांब फळी आत घालायला जागा उरत नाही,’’ नवरा म्हणाला. ‘‘फळी वाकवून घालू का? पाव काय लवचिक लाकडावर भाजतात?’’

‘‘भांडू नका,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘घसा म्हणजे काय तुळशीचं रोप आहे, हलवलं की सुकायला? हा बंद करा. मी दुसरा उघडून देते.’’

आणि त्यांनी दिला. मधल्या घशावर शिळा बसवली. कोपऱ्यात, जिथे खडक खाली उतरला होता, तिथे मातीखाली एक अरुंद भेग होती. ती त्यांनी स्वतः पहारेने मोकळी केली, वर झाकणी ठेवली, आणि दुकान व भट्टी या दोन्ही छपरांच्या पन्हाळी तिच्याकडे वळवल्या. पहिल्याच घागरीचे पाणी गुडूप झाले. ‘‘बघ, पहिल्यापेक्षा तहानलेला आहे,’’ त्या बहिणीला म्हणाल्या.

बेकरी चालली. ताज्या पावाच्या वासाने गल्लीची सकाळ लवकर होऊ लागली. शेजारी राहणारे टेलरमास्तर कुरकुर करत, की वासामुळे गिऱ्हाइके कपड्याचे माप देताना पोट आत ओढत नाहीत.

दोन वर्षांनी पाव वाकडा येऊ लागला.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आले नाही. मग साच्यातला पाव एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटका दिसू लागला. दुकानात उभ्या मंडळींना विषय मिळाला.

‘‘काय हो, पावाला लकवा झाला की काय?’’

‘‘तुमच्या डोळ्यांना झालाय,’’ पाववाला म्हणायचा. पण आत जाऊन बायकोशी हळू आवाजात बोलायचा.

दोघांनी आधी यीस्टवर खापर फोडले आणि ते बदलले. मग पिठावर. मग पीठ मळणाऱ्या माणसावर. तो बिचारा शपथा घेऊन दमला. भट्टीची फरशी कललेली असेल असे त्यांच्या मनातही आले नाही, कारण त्या जमिनीला मावशींनी भरीव म्हटले होते. या गावात पाव वाकडा होऊ शकत होता, मावशींचा शब्द नव्हे. एका दुपारी धाकटी विझलेली भट्टी झाडत असताना तिच्या हातून बाटलीचे बूच पडले आणि फरशीवरून घरंगळत थेट मागच्या कोपऱ्यात गेले. तिने ते उचलून पुन्हा ठेवले. ते पुन्हा गेले. मग तिने भिंतीमागे जाऊन पाहिले. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. हात आत जाईल एवढी.

मावशी आल्या. भेग पाहिली, चपला काढल्या आणि पहार घेतली. भट्टीभोवतीचा सारा खडक पुन्हा वाजवला. तो पूर्वीइतकाच भरीव होता.

‘‘जमीन ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ताई, जमीन ठीक आहे तर घर कुठं चाललंय?’’ धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि मावशींना तेच सहन झाले नाही. चढला असता तर त्यांनी उत्तर दिले असते.

घर बांधणारा ठेकेदार आला. त्याने कोपरा पाहिला आणि उपाय सांगितला: खचलेल्या कोपऱ्यात काँक्रीट ओता, प्रश्न मिटला. मावशींनी नकार दिला. ‘‘खाली काय आहे ते कळल्याशिवाय ओतायचं नाही. ओतलेलं कुठं जाऊन बसेल, तुम्ही सांगणार?’’ ठेकेदार म्हणाला, तुम्हीच तर जमीन भरीव आहे म्हणालात. मावशी कोपऱ्यावर पाय रोवून उभ्या राहिल्या.

तेव्हा आमच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या बेकरीच्या रोजच्या गिऱ्हाईक. मावशींचे आणि त्यांचे चांगले जमत असे. दोघींनाही दगडाबद्दल बोलायला दुसरे कुणी मिळत नसे. बाईंनी कोपऱ्यात बसून मातीचा गोळा हातात घेतला. तो ओला होता. त्यांनी वर पन्हाळीकडे पाहिले.

‘‘मावशी, हे सगळं छपराचं पाणी इथंच येतं?’’

‘‘घशात येतं. मग कुठं जाईल?’’

‘‘आधीचा घसा कुठं होता?’’

मावशींनी भट्टीकडे बोट दाखवले. मग तेच बोट त्यांनी हळूहळू कोपऱ्याकडे वळवले.

बाईंना पुढचे समजावावे लागले नाही. मधला घसा निव्वळ खडकातला होता. त्यातून कितीही पाणी गेले तरी दगड एका पिढीत हलत नाही. कोपऱ्यातली भेग मातीने बुजलेली होती. दोन छपरांचे पाणी तिच्यात सोडल्यावर ते दर पावसात थोडी थोडी माती खाली घेऊन गेले. खडक होता तिथेच राहिला, म्हणून पहारेला काही सापडले नाही. भट्टीचा मागचा कोपरा ज्या आवळलेल्या मातीवर उभा होता तिच्या पोटात मात्र पोकळी वर वर चढत आली होती. आवळलेली माती दगडाबरोबरीची, हे खाणीतले शास्त्र खरे होते. पण खाणीत छप्पर नसते आणि पन्हाळ नसते. गाव मात्र त्या शास्त्रावर घरे बांधत होते.

‘‘म्हणजे जमीन चुकली नाही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मी चुकले.’’

‘‘असं कशाला म्हणता? कुणालाही...’’

‘‘कुणालाही नाही, बाई. कुणीही पहार मारून भेग उघडत नाही. मी उघडली.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे रांग असताना मावशी पायरीवर उभ्या राहिल्या. आपली चूक त्यांनी तिथे जाहीर केली, कुणी विचारण्याआधी. ‘‘पाव वाकडा येतोय तो माझ्यामुळे. यांच्या हाताला नावं ठेवू नका. कोपऱ्यातला घसा मी उघडला, तो चुकीच्या जागी उघडला. महिनाभरात सरळ करते.’’

‘‘पाव की घर?’’ रांगेतून कुणीतरी विचारले.

‘‘पाव सरळ आला की समजा घर सरळ झालं.’’

घर वाचायचे तर दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. पोकळी नीट भरायला हवी होती, आणि त्याआधी छपराचे पाणी तिथून कायमचे हटवायला हवे होते. जुना घसा भट्टीखाली गेला होता. दुसरी खडकातली भेग त्या जागेत नव्हती. एकच वाट उरली: गल्लीतून खालपर्यंत गटार काढायचे आणि पाणी गावाबाहेरच्या कोरड्या दरीत सोडायचे. तिथे उघड्या कातळात एक मोठे भगदाड होते, अख्ख्या गावाचा घसा म्हणावे एवढे.

गटार. ज्या गावाने आयुष्यभर गटार नसल्याचा डौल मिरवला त्या गावात. शिवाय ते जाणार होते गल्लीतल्या प्रत्येक दारावरून, आणि पहिले दार टेलरमास्तरांचे.

‘‘हे पाहा मावशी,’’ शिलाईयंत्रावरून मान वर न करता मास्तर म्हणाले, ‘‘तुमच्याबद्दल आदर आहे. पण दुसऱ्याच्या छपराचं पाणी माझ्या उंबऱ्यावरून? माझ्याकडे लग्नाचे कपडे येतात. नवरदेव काय गटार ओलांडून माप द्यायला येणार?’’

‘‘लग्नानंतर बरंच काय काय ओलांडायचं असतं. सवय होईल.’’

‘‘विनोद ठेवा. माझी परवानगी नाही.’’

मास्तर हटले तर गल्ली हटणार होती, हे मावशींना ठाऊक होते. ते नाही म्हणाले तर पुढे कुणी हो म्हणणार नव्हते. त्या रोज जात. मास्तरांच्या पत्नी चहा देत आणि मावशींच्या बाजूने मान हलवत. मास्तर दोऱ्याचे रीळ बदलत. इकडे भट्टी बंद होती. यजमानांनी ट्रकचा जॅक आणून कोपऱ्याखाली दिला होता आणि माडीवरचे बिऱ्हाड मुलांसकट मावशींच्या घरी आले होते. धाकटी बहिणीच्या स्वयंपाकघरात वावरे आणि भांड्यांचा आवाज करी. दोघी बोलत, पण मुलांविषयी. भेगेविषयी नाही.

याच दिवसांत बाईंनी ठरवले की कोपऱ्यातल्या घशाचे पाणी नेमके जाते कुठे ते पाहायचे. पोकळी भरताना ते माहीत हवे. या कामासाठी एक निरुपद्रवी रंग वापरतात. चिमूटभर टाकला तरी पाणी लख्ख पोपटी होते. बाईंनी खालच्या झऱ्यांवर आधी जाऊन सांगितले, धुणी धुणाऱ्या बायकांना एक दिवस धुणे थांबवायला लावले, विद्यार्थी बसवले, आणि रंग घशात ओतला. विद्यार्थी झऱ्यांवर सकाळपासून बसून राहिले. झरे स्वच्छच.

दुपारी गल्लीत टेलरमास्तरांचा आवाज आला. ते दुकानाबाहेर उभे होते, हातात एक पांढरा सदरा. इस्त्रीआधी त्यांनी त्यावर विहिरीचे पाणी शिंपडले होते. सदरा पोपटी ठिपक्यांनी भरला होता.

अंगणातली ती विहीर मास्तरांच्या आजोबांनी खणलेली. तिला स्वतंत्र झरा आहे अशी त्या घराची पिढ्यानपिढ्यांची समजूत. बाईंनीही ती जशीच्या तशी मान्य केली होती आणि मास्तरांना सूचना द्यायची राहिली होती.

‘‘हा सदरा मुख्याध्यापकांचा आहे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘उद्या शाळेत समारंभ. मी त्यांना काय सांगू, पोपट बसून गेला?’’

बाई ओशाळल्या. ‘‘धुतला की रंग जातो, मास्तर. खरंच जातो. चूक माझी आहे.’’

‘‘धुवू कशानं? विहिरीच्या पाण्यानं?’’

गल्ली हसली. मास्तरांच्या पत्नीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या विहिरीपाशी गेल्या आणि आत वाकून पाहिले. मास्तर मागोमाग आले. तळाशी पाणी पोपटी चमकत होते.

‘‘मास्तर,’’ मावशी हळू म्हणाल्या, ‘‘तुमच्या उंबऱ्यावरून पाणी नको म्हणता. ते तुमच्या घराखालून चाललंय. आणि रिकाम्या हातानं जात नाही, वाटेतली माती घेऊन जातं.’’

मास्तरांनी सदरा खांद्यावर टाकला. मग त्यांनी आपल्या दुकानाच्या भिंतीकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत, कापडाचा काठ तपासावा तसे.

‘‘वाजवून देता का?’’

‘‘वाजवून उपयोग नाही. खडक भरीवच सांगेल. माझी पहार पाण्याचं काही सांगत नाही, हे मला आत्ता कळलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग वरून जाऊ दे. वरून जाणारं पाणी दिसतं तरी.’’

मास्तर आत गेले आणि खडू घेऊन बाहेर आले. उंबऱ्यापुढे वाकून त्यांनी रस्त्यावर एक सरळ रेघ ओढली. ‘‘यापलीकडून न्या. अलीकडे बोटभरही नाही. आणि वर फरशी झाका. नवरदेव पाय मुरगाळून गेला तर माप कसं घेऊ.’’

गल्लीतल्या उरलेल्या दारांवर मावशींना फार बोलावे लागले नाही. मास्तरांचा खडू आधीच पोचला होता. मास्तर स्वतः पुढे चालत रेघ ओढत होते आणि कुणी कुरकुरले तर म्हणत होते, ‘‘तुमची विहीर कुठंय? बघून या आधी.’’

खोदकाम गल्लीनेच केले. चुनखडीत चर काढणे सोपे नसते. दगड चिवट नाही पण दाट आहे, आणि मध्येच मातीची खाच लागली की तिच्यात दगडी पन्हाळ बसवून पुढे जावे लागते, नाहीतर तीच चूक पुन्हा. अशा प्रत्येक खाचेपाशी मावशी स्वतः उभ्या राहिल्या. पोकळीचे काम त्यांनी आणि बाईंनी मिळून केले. सैल माती खडकापर्यंत काढली. तळाशी भेगेच्या तोंडावर मोठे दगड असे बसवले की पाणी झिरपेल पण माती जाणार नाही; त्यावर लहान दगड, त्यावर खडी, सगळ्यांत वर घट्ट माती. शेवटी खडकावर नवा खांब उभारून भट्टीचा कोपरा त्यावर घेतला. जॅक काढायच्या वेळी यजमान जॅकपाशी बसले, आणि मावशींनी हातवारे करून ‘सावकाश’ म्हटले. त्यांना त्या दिवशी हातवारे करायची गरज नव्हती. यजमानांचा हात इतका सावकाश होता की जॅक सुटला कधी हे पाहणाऱ्यांना कळलेच नाही.

पावसाची वाट पाहायला मावशी तयार नव्हत्या. ‘‘पाऊस येईल तेव्हा मला सांगून येणार नाही,’’ त्या म्हणाल्या. यजमानांनी खाणीच्या ट्रकवर पाण्याची टाकी चढवली, ट्रक बेकरीशेजारी लावला आणि नळी छपरावर सोडली. टाकीतले सारे पाणी कौलांवरून धावले, पन्हाळीतून उतरले आणि रस्त्यावर आले. गल्ली दारादारांत उभी होती. आपल्या रस्त्याने वाहते पाणी त्यांतल्या अनेकांनी प्रथमच पाहिले. ते मास्तरांच्या खडूच्या रेघेपलीकडून गेले, वळणावर जरा घुटमळले, मग कुणीतरी काठीने कचरा सारला तसे पुढे निघाले. मुले त्याच्याबरोबर धावत दरीच्या तोंडापर्यंत गेली आणि ते कातळातल्या भगदाडात कसे पडले ते सांगायला परत आली. धाकटी भट्टीमागे गेली. कोपऱ्यातली माती तिने मुठीत घेऊन दाबली. ती कोरडी होती.

‘‘ताई,’’ तिने हाक मारली, ‘‘उद्या पहाटे पीठ भिजवते. तू येशील?’’

‘‘मी कशाला? मला काय पाव येतो?’’

‘‘सरळ आलाय का बघायला.’’

मावशी गेल्या. पहिली फळी बाहेर आली तेव्हा पाववाल्याने एक पाव त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांच्या पातळीला आणून फिरवून पाहिला, खाणीत दगडाचा सपाटपणा पाहतात तसा. ‘‘भरीव आहे,’’ त्या म्हणाल्या. मुलांसकट सगळे माडीवर परत राहायला गेले ते त्याच आठवड्यात.

त्यानंतर मावशींच्या कामाची रीत बदलली. जागा दाखवायला नेले की त्या पहार भिंतीला टेकवून ठेवत आणि आधी विचारत, छप्पर केवढं, उतार कुणीकडं, पाणी कुठं सोडणार. घरमालकाला उत्तर देता आले नाही तर चपला काढतच नसत. ‘‘पाणी ठरवा, मग बोलवा. जमीन कुठं पळून जात नाही. पाठवल्याशिवाय.’’ नवशिके गवंडी त्यांना भीत, आणि भिऊन का होईना पन्हाळीचे नकाशे काढू लागले. आवाज तोच होता, तोरा तोच. माझ्या शब्दावर अर्धं गाव झोपतं हे वाक्यही त्या पूर्वीसारखेच म्हणत. फक्त त्यात भर पडली होती: ‘‘उरलेल्या अर्ध्यानं गटार साफ ठेवावं.’’ त्यांच्याकडे कामे वाढली. घर बांधायचे नसणारेही बोलावू लागले, आमच्या अंगणातला घसा खडकातला आहे की मातीतला ते पाहून जा म्हणून. अशा कितीतरी घशांवर त्यांनी शिळा बसवून घेतल्या, आणि गल्लीगल्लीतून चर निघून कोरड्या दरीला मिळाले.

१९९४ साली नगरपालिकेने छपराच्या पाण्याचा निचरा दाखवल्याशिवाय बांधकामाचा परवाना न देण्याचा ठराव केला. मावशींनी शेवटची जागा २००३ सालच्या फेब्रुवारीत वाजवली. ती नगरपालिकेच्या गटार विभागाच्या नव्या कचेरीची होती.